कुत्र्याचे शिक्षण आणि धन्याची जबाबदारी

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. शेपटापुरती ती खरी आहे. शेपटाचा बाक हाडामासाचा. तो नळीने कसा जाणार? पण हीच म्हण आपण कुत्र्याच्या वागण्यालाही लावून टाकली आणि तिथे घोटाळा झाला. पोस्टमनवर धावून जाणारा, सायकलमागे लागणारा, पाहुण्याच्या धोतराला तोंड घालणारा कुत्रा असला, की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. "त्याची जातच तशी" म्हणून सोडून देतो, नाहीतर काठी घेऊन बडवतो. दोन्हींनी काही साधत नाही. कुत्र्याचे वागणे हे शेपटासारखे जन्माला चिकटून येत नाही. त्यातले पुष्कळसे त्याने शिकलेले असते, आणि बहुतेक वेळा आपणच, नकळत, ते त्याला शिकवलेले असते. म्हणून कुत्रा कसा शिकतो, त्याला मार न देता कसे शिकवावे, आणि कुत्रा पाळणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागले, की खराडीच्या पुढे वाघोली लागते. हे मूळचे हवेली तालुक्यातले गाव, सरदार पिलाजी जाधवरावांचे. वाघेश्वराचे जुने देऊळ, भोवतालची शेते आणि दगडाच्या खाणी, ही त्याची ओळख. २०२१ साली पुणे महानगरपालिकेत जी तेवीस गावे आली, त्यांत वाघोलीही आली. आज तिथे एका बाजूला गोठा आणि कडब्याची गंज दिसते, तर दुसऱ्या बाजूला बारा-बारा मजली इमारती. त्यामुळे कुत्रीही दोन तऱ्हांची. एक वस्तीवरचा मोती. रात्री राखण करायची, दिवसा साखळीला पडून राहायचे. दुसरा इमारतीतला परदेशी जातीचा कुत्रा. सबंध दिवस चार भिंतींत, आणि संध्याकाळी घटकाभर रस्त्यावर. वस्तीवरच्याला वाटते, शहरातल्यांचे हे सगळे लाड. इमारतीतल्याला वाटते, गावचा कुत्रा काय, आपोआप वाढतो. खरे पाहता दोघांच्या तक्रारी एकच असतात. कुत्रा हाका मारून येत नाही, अंगावर उड्या मारतो, भुंकून जीव नकोसा करतो, मुलांवर गुरगुरतो. आणि दोघांना लागणारा उपायही एकच आहे. गाव शहरात शिरताना जिथे रहदारी वाढते, मुले वाढतात, अनोळखी माणसे वाढतात, तिथे तर हा उपाय ठाऊक असणे फार अगत्याचे.

आधी कुत्रा शिकतो कसा ते पाहू. शास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ प्रयोग केले आहेत. रशियातले इव्हान पावलॉव्ह हे मुळात पचनक्रियेचे अभ्यासक. त्या कामासाठी त्यांना १९०४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या ध्यानात आले, की अन्न समोर यायच्या आधीच, नुसती अन्न आणणाऱ्याची चाहूल लागली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. आपल्याकडच्या कोणत्याही आजीबाईला हे सांगावे लागत नाही. भाकरीच्या टोपल्याचा आवाज झाला, की मोती अंगणाच्या टोकाहून उठून येतो, तेच हे. अमेरिकेतल्या थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पिंजऱ्यात ठेवलेल्या मांजरांवर प्रयोग केले. पिंजऱ्याची कळ दाबली की दार उघडे आणि बाहेर खाणे मिळे. मांजर आधी पुष्कळ धडपडे. पण ज्या धडपडीने दार उघडले, तेवढीच हळूहळू शिल्लक राही. त्यावरून त्यांनी नियम काढला, की ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती प्राणी पुन्हा करतो. जिचे फळ मिळत नाही, ती सोडतो. पुढे स्किनर यांनी हाच धागा धरून, एखादी कृती बारीक बारीक पायऱ्यांनी कशी घडवता येते, ते दाखवून दिले.

आता हा नियम आपल्या अंगणात आणून पाहा. तुम्ही जेवायला बसला आहात, कुत्रा पुढ्यात येऊन भुंकतो. "घे बाबा, गप्प बस," म्हणून तुम्ही तुकडा टाकता. तुमच्या मते तुम्ही त्याला गप्प केले. त्याच्या मते काय झाले? तो भुंकला आणि भाकरी मिळाली. उद्या तो जास्त भुंकणार. पोस्टमन आला, कुत्रा भुंकला, पोस्टमन टपाल टाकून निघून गेला. पोस्टमन तसाही जाणारच होता. पण कुत्र्याचा समज असा, की मी भुंकलो म्हणून तो पळाला. रोज विजय, रोज बक्षीस! कोणी शिकवले त्याला? कोणी नाही, आणि आपण सगळ्यांनी. म्हणजे कुत्रा चोवीस तास शिकतच असतो. आपण शिकवायला बसू किंवा न बसू. प्रश्न एवढाच, की त्याला हवे ते शिकवायचे की नको ते शिकू द्यायचे.

"पण मग मार कशाला वाईट?" असे कोणी विचारील. "आमच्या आजोबांनी काठीनेच कुत्री वळणावर आणली." याचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, मारातून काय करू नये एवढेच कळते, आणि तेही नेहमी कळते असे नाही. काय करावे हे कधीच कळत नाही. दुसरी गोष्ट वेळेची. कुत्र्याने दुपारी चप्पल फाडली आणि तुम्ही संध्याकाळी येऊन ती त्याच्या नाकापुढे धरून बडवलेत. त्याच्या दृष्टीने चप्पल फाडणे कधीच संपले. आत्ता काय झाले? धनी घरी आला आणि मार बसला. तो शेपूट पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसतो आणि आपण म्हणतो, "पाहा, चोराच्या मनात चांदणे!" ते चांदणे नसते, श्रोतेहो, ती भीती असते. तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. गुरगुरणे ही कुत्र्याची सूचना आहे. "मला भीती वाटते, पुढे येऊ नकोस," असे तो सांगतो. गुरगुरल्याबद्दल मारत गेलात तर तो गुरगुरायचे सोडील, पण भीती तशीच राहील. आणि मग तो सूचना न देता चावील. "काही नसताना एकदम चावला हो," असे लोक म्हणतात, त्यांतल्या पुष्कळ कुत्र्यांची सूचना कोणीतरी आधीच मारून बंद केलेली असते.

याला प्रयोगाचाही आधार आहे. पोर्तुगालमधील पोर्तो येथील संशोधकांनी घरगुती ९२ कुत्र्यांचा अभ्यास केला आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. काही कुत्री बक्षीस देऊन शिकवणाऱ्या शाळांतली होती, काही गळपट्ट्याला हिसके देणाऱ्या, ओरडणाऱ्या शाळांतली. दुसऱ्या तऱ्हेच्या कुत्र्यांत शिकताना ताणाची लक्षणे अधिक दिसली. त्यांच्या लाळेत ताणाच्या वेळी वाढणारे द्रव्यही अधिक निघाले. आणखी एक गमतीचा प्रयोग झाला. एका जागी वाटी ठेवली की तिच्यात खाऊ असे, दुसऱ्या जागी ठेवली की ती रिकामी असे. कुत्र्यांना हे कळल्यावर वाटी अधल्यामधल्या जागी ठेवली. फार कडकपणे शिकवलेली कुत्री तिच्याकडे रेंगाळत गेली. जणू त्यांची आशाच कमी झाली होती. मार खाणारा विद्यार्थी फळ्यासमोर जाताना कसा पाय ओढतो, ते शिक्षकांना मी काय सांगावे?

तेव्हा रीत अशी. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे काढा. त्याहून जास्त नको. कुत्रा थोडा भुकेला असताना शिकवावे, पोट भरल्यावर नव्हे. भाकरीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे बोराच्या बीएवढे बारीक तुकडे हाताशी ठेवा. मिठाई देऊ नका. चॉकलेट, कांदा, द्राक्षे, बेदाणे ही कुत्र्याला विषासारखी आहेत, आणि शिजवलेल्या हाडाच्या कपच्या आतड्याला इजा करतात.

पहिला धडा नावाचा. शांत जागी उभे राहा, "मोती" म्हणा. त्याने नुसती मान वळवून पाहिले, की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणा आणि तुकडा द्या. हा "शाब्बास" महत्त्वाचा. कृती आणि बक्षीस यांत एक-दोन क्षणांहून जास्त अंतर पडले, तर कशाबद्दल मिळाले ते त्याला उमगत नाही. हातातला तुकडा देईपर्यंत वेळ जातो. शब्द मात्र लगेच पोहोचतो. म्हणून शब्द एकच ठेवा, तो नेहमी त्याच सुरात म्हणा, आणि शब्दामागून तुकडा आलाच पाहिजे.

दुसरा धडा "बस"चा. तुकडा त्याच्या नाकाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्या. तुकड्यामागे नाक वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकते. टेकले की "शाब्बास" आणि तुकडा. कंबर दाबून बसवू नका. दाबले की तो उलट रेटा देतो. पाच-सहा वेळा जमले, की रिकाम्या हाताने तीच खूण करा आणि बक्षीस दुसऱ्या हातातून द्या. खुणेवर बसू लागला, की मग खुणेच्या आधी "बस" हा शब्द जोडा. आपण उलट करतो. शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना "बस, बस, अरे बस ना!" असा जप सुरू करतो, आणि दहाव्यांदा बसला की चालेल, हेच त्याला शिकवतो.

तिसरा धडा "ये"चा, आणि तो सर्वांत मोलाचा. वाघोलीसारख्या ठिकाणी, जिथे घराच्या फाटकापुढून मोठ्या गाड्या धावतात, तिथे या एका शब्दावर त्याचा जीव वाचतो. दोन पावलांवरून बोलवा, आला की भरभरून कौतुक करा. मग पाच पावले, मग अंगणाच्या टोकापासून, मग लांब दोरी बांधून मोकळ्या शेतात. आणि एक नियम कधीही मोडू नका: "ये" म्हणून बोलावून कधी मारू नका, रागावू नका. तो अर्ध्या तासाने आला, अंगभर चिखल घेऊन आला, तरी आल्याबद्दल शाब्बासकीच. एकदा जरी बोलावून मारलेत, तर तो शब्द तुम्ही स्वतःच्या हाताने बुडवलात.

धडा पक्का झाला, की दर वेळी तुकडा देऊ नका. कधी तुकडा, कधी पाठ थोपटणे, कधी नुसते "शाब्बास". कधी मिळेल याचा नेम नसला, की तो अधिक मन लावून काम करतो. यावर कोणी म्हणेल, "ही तर लाच झाली." नाही. लाच आधी दाखवतात, बक्षीस काम झाल्यावर देतात. नवी गोष्ट समजावताना दोन-चार दिवस तुकडा दाखवावा लागतो, पण तो लवकरच खिशात गेला पाहिजे. शेतमजुराला संध्याकाळी मजुरी देतो, तिला आपण लाच म्हणतो का?

नको त्या सवयीचे काय करायचे? तिचे फळ काढून घ्यायचे, आणि तिच्या जागी दुसरी सवय लावायची. कुत्रा अंगावर उड्या मारतो, तेव्हा "अरे अरे" म्हणून हातांनी ढकलू नका. त्याला तो खेळच वाटतो. पाठ फिरवा, गप्प उभे राहा. चारही पाय जमिनीला लागले, की लगेच शाब्बास. घरातल्या सर्वांनी हे एकसारखे पाळले पाहिजे. आजोबा ढकलणार, आई ओरडणार आणि धाकटा बंड्या मात्र हसून मिठी मारणार, असे झाले तर कुत्रा बंड्याचेच ऐकेल. दारावर माणूस आला की भुंकतो, त्याला माणूस दिसताच "बस" सांगून तुकड्यांत गुंतवा. काही आठवड्यांत अनोळखी माणूस म्हणजे बसायची खूण, असे त्याच्या मनात ठसते. राखणीचे काय, अशी काळजी नको. परका माणूस आला हे तो सांगेलच. फक्त त्यापुढे तुमचे ऐकेल. शेळ्या-कोंबड्यांमागे लागणाऱ्याला आधी दोरीवर, लांबून शेळ्या दाखवा. शेळ्यांकडे पाहूनही तुमच्याकडे वळला, की बक्षीस. मग रोज थोडे जवळ. मोकळा सोडून "पाहू या काय करतो" असे मात्र करू नका. एकदा पाठलागाची गोडी लागली, की पाठलाग हेच बक्षीस होऊन बसते.

या साऱ्या गोष्टी पिल्लू लहान असताना फार सोप्या जातात. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या मनाला वळण लागण्याचा. त्या काळात म्हातारी माणसे, लहान मुले, काठी टेकणारे, टोपीवाले, बैल, शेळ्या, मोटारसायकलीचा आवाज, हे सगळे त्याला गोडीगुलाबीने आणि सुरक्षित अंतरावरून दाखवावे. जे तेव्हा पाहिले त्याची पुढे भीती वाटत नाही. मात्र पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. तितक्या लहान पिल्लाची विक्री करायला २०१७ सालच्या नियमांनी बंदीही आहे. मोठा कुत्रा शिकत नाही, असे मात्र समजू नका. त्याला वेळ जास्त लागतो, इतकेच.

हे केवळ लाडाच्या कुत्र्यांचे शास्त्र आहे, असेही समजू नये. जोखमीची कामे करणारी श्वानपथकातली कुत्री याच मार्गाने तयार होतात. वास शोधला की आवडता चेंडू किंवा खेळ, असा त्यांचा मोबदला असतो. कुत्र्याच्या लेखी बॉम्ब शोधणे हे काम नव्हेच. तो चेंडू मिळवण्याचा खेळ आहे. मुंबई पोलिसांचा "जंजीर" नावाचा लॅब्राडोर कुत्रा आपल्या पुण्यातच, शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला. १९९३ साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले, त्या काळात त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स आणि शेकडो हातबॉम्ब हुडकून दिले. त्यामुळे किती माणसांचे प्राण वाचले याची गणती करता येणार नाही. २००० सालच्या नोव्हेंबरात तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. ज्या कामात एक चूक म्हणजे मरण, त्या कामासाठी घाबरलेला कुत्रा चालत नाही. उत्साहाने शोधणाराच लागतो.

आता धन्याच्या जबाबदारीकडे वळू. कुत्रा काय शिकतो हे धनी ठरवतो, म्हणून त्याच्या वागण्याचा जाबही धन्यानेच दिला पाहिजे. कायदाही तेच म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये इतकी काळजी जो घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्या अंगाने, १९६० सालचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा कुत्र्याच्या बाजूने उभा आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, नेहमी साखळीवर असणाऱ्या कुत्र्याला फिरवून न आणणे, आणि भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे, हे तिन्ही त्या कायद्याने गुन्हे आहेत. दिवसभर साखळीवर राहिलेला कुत्रा तिखट होतो, राखणीला चांगला, असा एक समज आहे. तो तिखट होत नाही, तो चिडका होतो. आणि चिडका कुत्रा चोर आणि शेजारचे पोर यांत फरक करीत नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवला, तर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

खेडेगावच्या श्रोत्यांसाठी एक वेगळी सूचना. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या आपल्या तालुक्यांत उसाच्या आडोशाने बिबट्याचा वावर आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की बिबट्याच्या आहारात वजनाने जवळजवळ ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. रात्री अंगणात आखूड साखळीने बांधलेला कुत्रा राखण काय करणार? त्याला पळताही येत नाही. तो बिबट्याला घराच्या उंबऱ्यापर्यंत आणणारे आमिषच ठरतो. रात्री त्याला बंदिस्त गोठ्यात किंवा पडवीत घ्या. घराभोवती शिळेपाके आणि मेलेल्या कोंबड्या टाकू नका. त्यावर मोकाट कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

लसीबद्दल आळस नको. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की रेबीजची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दर वर्षी एक. इतर रोगांच्या लसी त्याआधी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा आणि लसीचे कार्ड रेशनकार्डासारखे जपून ठेवा. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत पाळीव कुत्र्याचा परवाना काढावा लागतो. वाघोलीकरांनाही आता तो लागू आहे. त्यासाठी लसीचा दाखला लागतो.

आणखी एक नाजूक, पण स्पष्ट बोलायची गोष्ट. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, आणि सुमारे दोन महिन्यांत विते. एका वेळी पाच-सहा पिल्ले. ती कोण पाळणार? मग त्यांना पोत्यात घालून खाणीपाशी, नाहीतर दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडून येतात. मेली तर पाप, जगली तर ती आणि त्यांची पिल्ले मोकाट. "मोकाट कुत्र्यांचा फार त्रास झाला," असे आपण ग्रामसभेत बोलतो. पण त्यांतल्या अनेकांचे आजी-आजोबा कोणाच्या तरी दारचे होते. नर असो, मादी असो, वेळीच शस्त्रक्रिया करून घ्यावी. त्याने राखण कमी होत नाही. उलट माजाच्या काळातली भांडणे आणि भटकणे कमी होते.

गुरुजनहो, आता तुमच्याकडे एक मागणे आहे. कुत्रा चावण्याचे प्रसंग मुलांवर फार येतात, आणि ती बहुधा ओळखीचीच कुत्री असतात. एक तास काढून मुलांना एवढे शिकवा: जेवणाऱ्या, झोपलेल्या, पिल्ले असलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही. दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. शेपूट पोटाशी, कान मागे, जांभया, ओठ चाटणे, डोळ्यांचे पांढरे दिसणे, ही भीतीची लक्षणे आहेत. तिथून मागे फिरायचे. परका कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, ओरडायचे नाही. हात अंगाशी घेऊन झाडासारखे उभे राहायचे आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहायचे नाही. पडलाच, तर पोटाशी गुडघे घेऊन, मान आणि कान हातांनी झाकून, दगडासारखे पडून राहायचे. झाड आणि दगड हा खेळ मुलांना फार आवडतो, आणि खेळून शिकलेले ऐन वेळी आठवते.

आणि चावलेच तर? जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. वर तिखट, चुना, हळद, तेल काही लावायचे नाही, मंत्र-तंत्रात वेळ घालवायचा नाही. तडक प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यायचा जमाना केव्हाच गेला. आता थोडी इंजेक्शने असतात, पण ठरलेल्या तारखांना सगळी घ्यावी लागतात. जखम खोल असली तर जखमेतच आणखी एक औषध भरतात. नुसते ओरखडे असले, पिल्लाचे असले, घरच्या कुत्र्याचे असले, तरी दाखवायचेच. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की मग रोगी वाचत नाही म्हटले तरी चालेल. आणि लक्षणांच्या आधी उपचार पुरे झाले, तर रोग जवळजवळ हमखास टळतो. लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम टोचली आणि तो जगला. एवढी जुनी विद्या हाताशी असून एकही मूल जावे, ही आपल्याला शोभणारी गोष्ट नव्हे. मार खाऊन मुलांना चावायला शिकलेला कुत्रा, न टोचलेली लस आणि न धुतलेली जखम, ही एकाच साखळीची तीन कडी आहेत. त्यांतले कोणतेही एक तोडले तरी पोर वाचते.

मुलांनाच हे शिकवताना एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या भाषेत "शिक्षा" आणि "शिक्षण" हे शब्द एकाच धातूपासून आले. पुष्कळ वर्षे आपण दोन्हींचा अर्थही एकच धरून चाललो. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतून छडी हद्दपार केली, तेव्हा पोरे आता बिघडणार, अशी भीती पुष्कळांनी बोलून दाखवली होती. कुत्रा शिकवणाऱ्याला हीच भीती वाटते. ज्या मुलाने घरच्या कुत्र्याला मार न देता बसायला शिकवले, त्याने धीर धरणे, वेळ साधणे आणि दुसऱ्याचे मन ओळखणे या तीन गोष्टी स्वतः शिकलेल्या असतात. त्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातून इतक्या लवकर येत नाहीत.

आपल्याकडे नामदेवांची गोष्ट घरोघर सांगतात. कुत्रा पोळी घेऊन पळाला, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. खंडोबाच्या पायाशी कुत्रा, दत्ताच्या भोवती चार कुत्री. देवळातल्या कुत्र्याला आपण नमस्कार करतो. दारातल्याला एवढेच द्या: पोटभर अन्न, स्वच्छ पाणी, वेळेवर लस, रोजचा फेरफटका, आणि त्याला कळेल अशा रीतीने दिलेले शिक्षण. आज संध्याकाळी भाकरी टाकायच्या आधी पाच मिनिटे काढा. तीच भाकरी, जी तुम्ही तशीही देणार होता, एकदम न टाकता वीस तुकडे करा आणि एकेक तुकडा त्याला कमावू द्या. पहिल्या दिवशी तो नुसता नाव ऐकून वळून पाहील. तेवढे पहिल्या दिवसाला पुष्कळ झाले.